तात्यांची पाणबुडी

आमच्या शेजारचे हणमंततात्या स्वतःच्या घराचा जिना उलटे उतरतात. म्हणजे तोंड पायऱ्यांकडं, पाठ अंगणाकडं आणि दोन्ही हात कठड्याला. कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत. तसं कुणी बोललं की तात्यांना राग येतो. गुडघे ठणठणीत आहेत, पाणबुडीत शिडी अशीच उतरतात, असं ते सांगतात. विचारणाऱ्यानं त्यावर 'कुठली पाणबुडी' असा दुसरा प्रश्न केला, की त्याचा पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजावं.

तात्यांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला. कारखान्याच्या सहलीबरोबर कोकणात गेले होते. तिथं घोट्यापर्यंत पाय भिजवले, पाणी खारट असल्याची बोटानं खात्री करून घेतली आणि गाडीत येऊन बसले. बाकी सगळा जन्म बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गेला. साखर कारखान्यात बॉयलरवर तेहेतीस गळीत हंगाम काढले. निवृत्त झाल्यावर गावाकडची शेती धाकट्या भावावर सोपवली आणि बारामतीत, इंदापूर रस्त्याला घर बांधलं. मी इंग्रजीचा मास्तर. इंदापूरच्या हायस्कुलातून निवृत्त झालो आणि त्यांच्या शेजारी राहायला आलो. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून गेल्या चार वर्षांत मला पाणबुडीविषयी इतकं ज्ञान मिळालंय, की एखाद्या आरमारानं बोलावलं तर मी नकार देणार नाही.

हे सगळं सुरू झालं ते बोअरच्या मोटारीमुळं. आमच्याकडं बोअरमध्ये सोडायच्या मोटारीला पाणबुडीच म्हणतात. गावाकडून भावाचा फोन आला, की मोटार आत अडकलीय, वर येईना. जावयानं नुकताच तोंडी हुकूम ऐकणारा टीव्ही आणून दिला होता. तात्यांनी रिमोट तोंडाशी धरला आणि बॉयलरवर हाताखालच्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पाणबुडी दाखव."

टीव्हीनं दाखवली. दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांच्या आरमाराची, काळ्यापांढऱ्या चित्रातली. कुणी कॅमेरावाला लढाईच्या दिवसांत एका पाणबुडीत बसून गेला होता आणि आतली माणसं कशी राहतात ते त्यानं टिपलं होतं. कशी झोपतात, कशी दाढी करतात, बटाटे कसे सोलतात, घरून आलेली पत्रं पुन्हापुन्हा कशी वाचतात. तात्यांना वाटलं, मोटार थोडी पुढं असेल, म्हणून ते बघत राहिले. चाळीस मिनिटांनी तात्यांच्या मंडळी सुमनकाकू चहा घेऊन आल्या, तर तात्या ओठावर बोट ठेवून म्हणाले, "हळू. वर शत्रू हाय."

मोटार भावानं तीन खांबांची घोडी लावून स्वतःच बाहेर काढली. त्या विषयावर दोघं भाऊ आता बोलत नाहीत.

तेव्हापासून तात्यांनी युद्धाच्या दिवसांतल्या अशा फिल्म शोधून शोधून पाहिल्या. इंग्रजांच्या, जर्मनांच्या, अमेरिकेच्या. मात्र नट घेऊन काढलेले पाणबुडीचे सिनेमे त्यांना चालत नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं. सिनेमातली माणसं कॅमेरा नसल्यासारखी वागतात. खऱ्या माणसाला कॅमेऱ्याकडं बघायची लाज वाटते, पण बघितल्याशिवाय राहवत नाही. तसं चोरून बघणारा एक तरी माणूस दिसला, की फिल्म खरी.

घरात याचे परिणाम दिसायला लागले. पाणबुडीत जागा कमी, म्हणून शिधा झोपायच्या जागी ठेवतात हे कळल्यावर तात्यांनी कांद्याचं पोतं पलंगाखाली नेलं. सुमनकाकूंनी दोन दिवस वास सहन केला. तिसऱ्या दिवशी कांदे तिथंच ठेवून तात्यांची गादी पडवीत टाकली. मग दुपारी चार ते पाच कुकरची शिट्टी बंद झाली, कारण त्या वेळेत तात्या फिल्म बघतात आणि फिल्ममधली माणसं शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून नुसते मोजे घालून चालत असताना शिट्टी वाजली तर त्यांच्या छातीत धस्स होतं. कुणी घाईनं काही बोलायला लागला, की ते हात वर करून म्हणतात, "दाब बघून बोला." हे वाक्य बॉयलरवरचं की पाणबुडीतलं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण आमच्या कॉलनीच्या बैठकीत पाण्याच्या वेळेवरून दोघं हातघाईवर आले होते, तेव्हा तात्यांनी मागून शांतपणे ते म्हटलं आणि दोघंही खाली बसले.

टाकीचं प्रकरण सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी धुवायला तात्या आत उतरले. अर्थात उलटे. धुऊन झाली, तरी बाहेर येईनात. आत गार होतं, बाहेरचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते, म्हणून त्यांनी झाकण अर्धं ओढून घेतलं आणि मांडी घालून बसले. खाली नगरपालिकेचं पाणी आलं. काकूंनी सवयीनं मोटार सुरू केली. पुढं काय झालं ते मी माझ्या गच्चीवरून पाहिलंय. झाकण सरकलं, तात्यांचं डोकं वर आलं, त्यांनी चारी दिशांना सावकाश नजर फिरवली आणि मला पाहून म्हणाले, "सर, मागच्या खोलीत पाणी शिरलंय. घरात कळवा."

एकदा इंदापूरला लग्नाला गेलो असताना त्यांनी मला उजनी धरणाच्या फुगवट्यावर नेलं. तिथल्या एका मासेमाराच्या होडीत आम्ही बसलो. तात्यांनी खोली विचारली. तो म्हणाला, हितं दोन पुरुष असंल, पुढं चार. तात्यांनी बराच वेळ पाण्याकडं पाहिलं आणि हितं पाणबुडी लपणार न्हाय, इमानातून दिसंल, असा निकाल दिला. मासेमारी करणारा गृहस्थ समजूतदार होता. त्यानं मान डोलावली आणि कुठल्या खात्याकडून आलाय, एवढंच विचारलं.

इतक्या फिल्म पाहिल्या, तरी तात्यांचा जीव पहिलीतच अडकला होता. ती त्यांनी रोज सकाळी लावायची ठरवून टाकली होती. इंग्रजी कळत नाही, म्हणून आवाज अगदी बारीक करायचा आणि स्वतः बोलायचं. ते त्यांचं निवेदन मला भिंतीपलीकडून पाठ झालंय. आतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी नाव दिलं होतं. दाढीवाला कप्तान म्हणजे इनामदारसाहेब, काट्यांवर नजर ठेवून उभा असलेला कोंडिबा, इंजिनाजवळचा घामाघूम रामभाऊ. ही सगळी त्यांच्या बॉयलरवरच्या शिफ्टमधली माणसं. आता त्यांतलं कुणीच उरलेलं नाही. मी एकदा म्हटलं, तात्या, हे गोरे लोक आणि तुमची शिफ्ट, काही मेळ आहे का. त्यांनी मला टीव्हीसमोर बसवलं. बिनखिडकीची जागा, सगळीकडं नळ, काटे आणि उकाडा, आणि एकानं चूक केली तर सगळे जाणार. "आमचीच शिफ्ट हाय सर, कापडं तेवढी येगळी," तात्या म्हणाले.

अकराव्या मिनिटाला एक खलाशी येतो. विशीतला असेल. बादलीपुढं बसून बटाटे सोलत असतो. मान वर करतो, कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघतो आणि एकदम हसतो. चारेक सेकंद. मग मनगटानं तोंड पुसून पुन्हा बटाट्यांकडं वळतो. मागं इंजिनाचा धडधडाट आहे, त्यामुळं हसण्याचा आवाज येत नाही. त्याला तात्यांनी नाव दिलं होतं गुलाब. गुलाब मुलाणी. तिथं आले की त्यांचं निवेदन थांबायचं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ते भिंतीशी आले आणि आडवळणानं बोलू लागले. त्या फिल्मच्या शेवटी पाणबुडी पुन्हा मोहिमेवर निघते. माणसं वर उभी राहून टोप्या हलवतात, बोट लहान होत जाते आणि फिल्म संपते. गेल्याचं दाखवलं, आल्याचं दाखवलं नाही. माझं इंग्रजी पक्कं, म्हणून मी एकदा कान देऊन ऐकावं आणि ती परत आली की नाही तेवढं सांगावं, अशी त्यांची विनंती होती.

मी माझ्या फोनवर फिल्म दोनदा ऐकली. निवेदक छातीठोक बोलत होता, पण परत येण्याचं काही म्हणाला नाही. मग खाली लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचत गेलो. बरंच खाली एका बाईनं लिहिलं होतं, की अकराव्या मिनिटाला हसतो तो माझ्या आजीचा भाऊ. हे चित्रण झाल्यावर दोन महिन्यांनी बोट गेली ती परत आली नाही. त्याच्या वाढदिवसाला आम्ही घरचे एकत्र बसून एवढाच भाग बघतो. तिला कुणीही उत्तर दिलं नव्हतं.

मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. पण भिंतीपलीकडं तात्या दाढी-आंघोळ करून उभे होते. मी सांगून टाकलं, की परत आली. सगळे सुखरूप उतरले, लग्नं झाली, म्हातारे होऊन गेले. तात्यांनी दोनदा मान हलवली आणि आत गेले. थोड्या वेळानं भिंतीवर वाटीभर शिरा आला.

दोन दिवसांनी वाटी परत न्यायला सुमनकाकू आल्या आणि भिंतीशी रेंगाळल्या. म्हणाल्या, "सर, तुमी पाचवे."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या बाईनं लिहिलेलं पहिल्यांदा बँकेतल्या साहेबांनी वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. मग जावयाला विचारलं. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंना, मग ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे त्या कुलकर्ण्यांना. चौघांनीही बुडाली म्हणूनच सांगितलं. तरी हा माणूस आपला विचारत सुटलाय. "तुमीच पैल्यांदा वर काढली," काकू म्हणाल्या. त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. भिंतीवरून नव्हे, फाटकातून, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "सर, तुमी खोटं बोलला. बरं केलं. दोन दिस लई चांगलं गेलं." मग मुद्द्यावर आले. त्या बाईनं एवढं लिहिलंय आणि कुणी साधी पोच दिली नाही, हे काही बरोबर नाही. उत्तर लिहायचं. ते सांगतील, मी इंग्रजी करायचं. मधे स्वतःचं काही घालायचं नाही.

ते पत्र करायला मला एक सकाळ लागली. 'हंगाम' शब्दाला इंग्रजीत सीझन म्हटलं, तर तात्यांना शंका, की बाई क्रिकेटचा समजेल. मग गळीत म्हणजे काय, ऊस म्हणजे काय, बॉयलरमध्ये उसाचा भुसा कसा जाळतात, हे सगळं घालावं लागलं. शेवटी मजकूर झाला तो असा:

"बाईसाहेबांना बारामतीहून नमस्कार. मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. तुमच्या आजीच्या भावाला मी रोज सकाळी बघतो. त्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला गुलाब म्हणतो. राग मानू नये. गुलाब माझ्या शिफ्टला होता. एकोणीस हंगाम शेजारी उभा राहिला. बॉयलरच्या आवाजात बोलता येत नाही, आमचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. त्यामुळं त्याचा आवाज मला नीट आठवत नाही. हसणं तेवढं आठवतं, तेही बिनआवाजाचं, तुमच्या माणसासारखं. गुलाबचा एकच फोटो आहे, कारखान्याच्या ओळखपत्राचा. त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. तुमच्याकडं हसतानाचा आहे, हे चांगलं झालं. त्याची काळजी करू नये. इथं त्याला कुणी विसरलेलं नाही."

मी ते टाकलं. त्यानंतर तात्या रोज भिंतीशी येऊन 'टपाल?' एवढाच शब्द विचारायचे आणि नाही म्हटलं की जायचे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं.

बाईनं लिहिलं होतं, की पत्र तिनं आईला वाचून दाखवलं. आईची नव्वदी उलटलीय आणि कान गेलेत, त्यामुळं ओरडून वाचावं लागलं आणि शेजारच्या दोन घरांनीही ते ऐकलं. तिच्या आजीच्या भावाचं नाव आर्थर. तो स्वयंपाकी नव्हताच. खरा स्वयंपाकी कॅमेऱ्याला लाजला, म्हणून कॅमेरावाल्यानं याला बादलीपुढं बसवलं. आणि तो का हसला तेही घरच्यांना ठाऊक आहे, कारण त्यानं पत्रातून कळवलं होतं. कॅमेरावाल्याचं डोकं एकाच नळावर तिसऱ्यांदा आपटलं होतं.

मी हे वाचून दाखवल्यावर तात्या इतके हसले, की काकू आतून बघायला आल्या. डोळे पुसून म्हणाले, गुलाब बी आसाच. आमचं डोकं आपटलं की ह्याला लई आनंद. मग मी शेवटची ओळ वाचली. बाईनं विचारलं होतं, की गुलाबच्या घरच्यांनी आर्थरला पाहिलंय का?

तात्या काकूंकडं बघू लागले. काकूच म्हणाल्या, की गुलाबच्या मातीला जाऊन आले ते आले, त्याला बारा वर्षं झाली, परत त्या घराकडं फिरकले नाहीत. गुलाबची बायको हमीदा सोमेश्वरनगरच्या पलीकडं एका वाडीत असते. एका बसचा रस्ता.

"जाऊन काय बोलायचं, सर?" तात्या म्हणाले. "आमी दोघंच कधी बोललो न्हाय. भाभीला काय सांगायचं?"

पण बाईला काय कळवायचं, हाही प्रश्न होताच, आणि तिला खोटं लिहायचं नाही यावर आमच्या दोघांचं एकमत होतं. त्या आठवड्यात आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती. तात्या एरवी अशा वेळी शेजारच्या प्रवाशाला पाणबुडीतली गर्दी समजावून सांगतात. त्या दिवशी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. काकूंनी शेंगदाण्याचे लाडू दिले होते.

हमीदाभाभी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक बाई, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी तात्यांना लगेच ओळखलं. या बॉयलरवाले, म्हणाल्या, आणि सूप बाजूला सारलं. तात्यांनी लाडू दिले आणि सरळ पाणबुडीवर आले. टाकीत पाणी घेऊन ती खाली कशी जाते, वर कशी येते, आत हवा किती वेळ पुरते. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. बारा वर्षांनी आलेला माणूस हे का सांगतोय, असं त्यांनी विचारलं नाही. शेवटी मीच माझा फोन काढला, अकरावं मिनिट लावलं आणि त्यांच्यापुढं धरला.

खलाशानं मान वर केली, हसला, मनगटानं तोंड पुसलं.

तात्या घाईनं म्हणाले, "आपला गुलाब वाटतो का न्हाय?"

भाभींनी चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "ह्यो?" त्या म्हणाल्या. "न्हाय ओ. ह्यो तर पार गोरापान. नाक बी येगळं. आमच्या ह्यांचं दात फुडं हुतं."

तात्यांचा चेहरा मला बघवेना. ते व्हय, व्हय म्हणत टोपी नीट करू लागले, पिशवीची घडी घालू लागले. मी फोन खिशात टाकायला गेलो, तेव्हा भाभींनी माझं मनगट धरलं.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

मी लावलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि अजिबात न्हाय, असं पुन्हा सांगितलं. मग परत लावा म्हणाल्या. चौथ्या वेळी त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तात्या त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकले. खलाशी हसत होता.

आमची एकची एसटी गेली. मग भाभींनी चहा टाकला.